पाठ दुखते म्हणणारे मूल

आज १५ फेब्रुवारी, आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन. २००२ पासून जगभर हा दिवस पाळला जातो. आजच्या कार्यक्रमांत बहुतेक बोलणे रक्ताच्या कर्करोगाभोवती फिरेल, आणि ते योग्यच आहे. मुलांत तोच सर्वाधिक आढळतो. आम्ही मात्र आज मुद्दाम एका दुर्मीळ आजाराबद्दल लिहीत आहोत. हा आजार म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत वाढणारी गाठ. मुलांच्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या सगळ्या गाठी एकत्र मोजल्या, तर शंभरात जेमतेम पाच-दहा या प्रकारच्या निघतात. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या उभ्या आयुष्यात असे मूल एखाद्या वेळी समोर येईल, कदाचित येणारही नाही. म्हणूनच ते आले तर ओळखू येत नाही, आणि म्हणूनच या आजारावर जाहीरपणे लिहिण्याची गरज आहे.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर जाड असतो; लहान मुलाचा त्याहून आखूड आणि बारीक. हातापायांना हलण्याचा हुकूम, बोटाला झालेला स्पर्श, लघवी-शौचावरचा ताबा, सारे काही एवढ्याशा जागेतून ये-जा करते. भोवती हाडाची भिंत असल्याने आत काही वाढू लागले तर त्याला सरकायला वाव नसतो. मुलांमध्ये या गाठी बहुतेकदा अ‍ॅस्ट्रोसायटोमा जातीच्या असतात, त्याखालोखाल एपेन्डिमोमा. यातल्या बऱ्याचशा गाठी संथ वाढणाऱ्या. हे संथपण दिलासा देणारे आहे तसेच फसवेही. गाठ महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे वाढत राहते, मज्जारज्जू तिला सांभाळून घेत राहतो, मूल शाळेत जाते, खेळते. मग सांभाळण्याची ताकद एक दिवस संपते. त्यानंतर पाय जायला काही आठवडेही पुरतात.

या आजाराची पहिली खूण बहुधा दुखणे हीच असते. ते पाठीत असते, मानेत असते, कधी पोटात किंवा पायात जाणवते. त्याची एक तऱ्हा प्रत्येक आईवडिलांनी आणि प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावी अशी आहे. दिवसभर बागडणारे मूल रात्री आडवे झाले की कळवळते, झोपेतून उठून बसते, आणि बसल्यावर त्याला जरा बरे वाटते. आडवे झाल्यावर कण्यातल्या शिरांमध्ये रक्त साठते, आतला दाब वाढतो, आणि आधीच भरलेल्या जागेत ताण असह्य होतो. तीन-चार वर्षांचे मूल हे सांगू शकत नाही. ते कडेवर घ्या म्हणते. चालायला शिकलेले मूल पुन्हा रांगू लागते, किंवा सपाट जमिनीवर वरचेवर पडते. खाली पडलेले खेळणे वाकून उचलायचे टाळते. लघवी सांगायला शिकून वर्ष झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते. उजव्या हाताने लिहिणारी मुलगी कुणी न सांगता डाव्या हाताने घास घेऊ लागते. मान एकीकडे कलते आणि सरळ होत नाही, पाठीला बाक येतो. यातले एकेक लक्षण घरात सहज खपून जाते.

आणि ते खपते, यात घरच्यांचा दोष नाही. दप्तराचे ओझे, खेळताना पडणे, अभ्यासाचा कंटाळा, धाकट्या भावंडाच्या जन्मानंतरचा हट्ट, ही सगळी कारणे शंभरातल्या नव्याण्णव मुलांच्या बाबतीत खरीच असतात. पाठ चोळून घेतली जाते, मलम लावले जाते. ‘वाढीचे दुखणे’ असे म्हणून डॉक्टरही आईला धीर देतात. मात्र वाढीचे दुखणे पायांत असते, दोन्ही पोटऱ्यांत किंवा मांड्यांत. संध्याकाळी किंवा रात्री येते आणि सकाळी मूल ठणठणीत असते. ते पाठीत नसते. एवढा एक फरक प्रत्येक आशाताईला आणि प्रत्येक शाळेच्या शिक्षकाला माहीत असला तरी पुष्कळ काही साधेल.

आपल्याकडे आणखी एक चकवा आहे तो मणक्याच्या क्षयाचा. पाठ दुखते आणि पाय कमजोर होतात, असे मूल पाहिले की या देशातल्या डॉक्टरच्या मनात आधी क्षय येतो, आणि यायलाच हवा. तो सर्रास आढळतो आणि औषधांनी बरा होतो. प्रश्न येतो तो पक्की तपासणी न करता औषधे सुरू झाली आणि महिने जात राहिले तर. दुसरा चकवा एक्स-रेचा. एक्स-रेमध्ये हाड दिसते, मज्जारज्जू दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून आईवडील समाधानाने घरी जातात, पण गाठीबद्दल त्या फिल्मने काहीच सांगितलेले नसते. ती दाखवतो एमआरआय, तोही पूर्ण कण्याचा आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला. लहान मूल त्या यंत्रात अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहत नाही, त्याला भूल द्यावी लागते. म्हणजे जिल्ह्याच्या गावी एमआरआयचे यंत्र असून भागत नाही. मुलांना सांभाळून भूल देणारा डॉक्टर त्या दिवशी तिथे असावा लागतो. वेळ जातो तो अशा ठिकाणी.

ही दिरंगाई जुनी आहे. १८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सले या शल्यविशारदाने कण्यातली गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. तो रुग्ण प्रौढ होता, लष्करी अधिकारी, आणि गाठ मज्जारज्जूच्या बाहेरून दाबणारी होती. त्याचेही दुखणे आधी बराच काळ भलत्याच कारणांच्या खाती टाकले गेले होते. चेताविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी केवळ हाताने तपासून, कुठवर संवेदना आहे आणि कुठून नाही हे पाहून गाठीची जागा सांगितली. त्या वेळी एक्स-रेचाही शोध लागलेला नव्हता. मज्जारज्जूच्या आत शिरून गाठ काढणे पुढे १९०७ मध्ये व्हिएन्नात आयसेल्सबर्ग यांनी साधले. तरीही त्यानंतरची कित्येक दशके मुलांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. मज्जारज्जूला हात लावला की मूल पांगळे होणार, या भीतीने गाठीचा छोटा तुकडा तपासणीला घ्यायचा, वरचे आवरण मोकळे सोडायचे आणि किरणोपचार द्यायचे, हाच परिपाठ होता.

हा परिपाठ मोडण्यात न्यूयॉर्कचे बालमेंदूशल्यविशारद फ्रेड एप्स्टाइन यांचा वाटा फार मोठा. १९८२ मध्ये त्यांनी १९ मुलांच्या मज्जारज्जूतल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमावर केलेल्या शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या हाती एक नवे साधन होते, ध्वनिलहरींनी गाठ फोडून तिथल्या तिथे ओढून घेणारे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूसाठी वापरात आणलेल्या तंत्रातून ते आले होते. चिमट्याने गाठ ओढली की शेजारच्या निरोगी तंतूंना हिसका बसतो. या साधनाने गाठ आतून बाहेरच्या दिशेने पोखरत नेता येते, कडेला ओढाताण होत नाही. एप्स्टाइन स्वतः लहानपणी शिकण्यातल्या अडचणींशी झगडलेले होते, शाळेत मागे पडलेले होते. इतरांनी हात टेकलेली मुले ते स्वीकारत राहिले, हे त्यांच्या कामातले आम्हाला सर्वांत मोठे वाटते. २००१ मध्ये सायकलच्या अपघातात त्यांच्याच मेंदूला जबर इजा झाली आणि त्यांचे शस्त्रक्रियेचे आयुष्य थांबले. २००६ मध्ये ते गेले.

आज ही शस्त्रक्रिया कशी होते हे वाचकांना ठाऊक असावे, कारण ‘पाठीचे ऑपरेशन’ या शब्दांनीच कित्येक घरे आधी हादरतात. मूल पालथे झोपवलेले असते. मणक्यांच्या मागच्या कमानी कापून फेकल्या जात नाहीत. त्या अखंड उचलून बाजूला ठेवतात आणि शेवटी पुन्हा बसवतात. ही पद्धत शिकागोचे रायमोंडी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये मांडली. मुलाचा कणा अजून वाढायचा असतो, कमानी गमावल्या तर पुढे त्याला कुबड येण्याचा धोका मोठा. मग सोनोग्राफीने गाठ नेमकी कुठवर आहे ते पाहायचे, सूक्ष्मदर्शकाखाली मज्जारज्जूच्या बरोबर मध्यरेषेवर छेद घ्यायचा आणि आत उतरायचे. तेवढा सगळा वेळ डोक्याच्या त्वचेवरून मेंदूला विद्युत संकेत दिले जातात आणि हाताच्या अंगठ्याशी, पायाच्या स्नायूंत ते पोहोचतात की नाही याची नोंद होत असते. संकेत क्षीण झाले की शल्यविशारद हात थांबवतो, कोमट सलाइनने जागा धुतो, भूलतज्ज्ञ रक्तदाब थोडा वाढवतो, सगळे थांबतात. संकेत परतले तर पुढे जायचे, न परतले तर उरलेली गाठ तशीच ठेवायची. संथ वाढणाऱ्या गाठीचा थोडा अंश मागे ठेवून चालते. मूल चालते राहणे अधिक महत्त्वाचे. भूल देण्याची तऱ्हाही यासाठी वेगळी लागते. स्नायू लुळे करणारी औषधे सतत देता येत नाहीत, नाहीतर संकेतच मिळायचे नाहीत. खोलीत चार-पाच शाखांची माणसे एका लयीत काम करत असतात, आणि ही लय वर्षाला एखादीच अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या ठिकाणी येत नाही. मोजक्या केंद्रांकडे ही मुले वळवली पाहिजेत, या मताचे आम्ही आहोत ते यासाठीच.

आता मुद्द्याची गोष्ट. एप्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६४ मुले व तरुण यांच्या शस्त्रक्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २००० मध्ये निष्कर्ष मांडले. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी सुमारे ६० टक्के रुग्ण आधीच्याच स्थितीत होते, १६ टक्क्यांच्या आसपास सुधारले होते, आणि जवळपास २४ टक्के आधीपेक्षा खालावले होते. संथ गाठी असलेल्यांपैकी ७८ टक्क्यांमध्ये पाच वर्षांनंतरही गाठ पुन्हा वाढलेली नव्हती. जलद वाढणाऱ्या गाठींत हेच प्रमाण ३० टक्के. हे आकडे थोडे थांबून वाचावेत. सर्वांत मोठा गट ‘आहे तसाच’ राहिलेल्यांचा आहे. शस्त्रक्रिया जे उरले आहे ते राखते. जे गेले ते परत आणण्याची हमी ती देत नाही. चालत शस्त्रक्रियागृहात गेलेले मूल बहुधा पुन्हा चालते. चाकाच्या खुर्चीतून गेलेल्या मुलासाठी जगातला उत्तमोत्तम शल्यविशारदही अनेकदा तेवढे करू शकत नाही. म्हणजे या आजारात मुलाचे पुढचे आयुष्य कसे जाणार, याचा निम्मा निकाल आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात, एमआरआयची चिठ्ठी लिहिली जाण्याच्या दिवशीच लागलेला असतो.

औषधांची बाजूही बदलते आहे, पण तिच्यात रमून जाण्याचे हे ठिकाण नव्हे. किरणोपचार वाढत्या कण्याची वाढ खुंटवतात, पुढे दुसऱ्या कर्करोगाचा धोका ठेवतात, म्हणून लहान मुलांत ते शक्य तितके लांबवले जातात. अपुरी निघालेली किंवा पुन्हा वाढणारी संथ गाठ कार्बोप्लॅटिन-व्हिन्क्रिस्टिनसारख्या औषधांनी कित्येकदा आटोक्यात राहते. काही गाठींत बीआरएएफ नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. तो असेल तर नेमका त्यावरच काम करणारी तोंडाने घ्यायची औषधे आली आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी एक वर्षाच्या मुलापासून पुढे वापरायला मंजुरी दिली. काढलेल्या गाठीची जनुकीय तपासणी हा आता चैनीचा भाग राहिलेला नाही, आणि शासकीय योजनांच्या यादीत तिला जागा मिळायला हवी. मध्यरेषेवर होणाऱ्या एका आक्रमक गाठीपुढे मात्र अजून सगळेच हतबल आहेत. त्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना वेदनामुक्तीची, सोबतीची, खरे सांगणाऱ्या डॉक्टरची गरज असते, आणि हे उपचारांइतकेच गांभीर्याने दिले गेले पाहिजे.

आपल्या दाराशी येऊ. मुंबईच्या परळमध्ये टाटा, केईएम आणि वाडिया ही तीन रुग्णालये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. खारघरच्या त्याच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणांची सोय झाली आहे. मुलांच्या कर्करोगावर काम करणारे कसलेले लोक या शहरात आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, २००६ पासून मुलांच्या कुटुंबांना राहायला घरे देणारे सेंट ज्यूड्स, या ठिकाणांनी किती घरांचे उपचार मध्येच सुटण्यापासून वाचवले आहेत याची मोजदाद होणार नाही. म्हणजे शेवटचा टप्पा मुंबईत बऱ्यापैकी उभा आहे. मोडतो तो पहिला.

तो उभारता येतो, हे या देशाने एकदा दाखवले आहे. पोलिओच्या काळात असा नियम झाला की १५ वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही असो, ते कळवायचे. अंगणवाडीताई, वैदू, खेड्यातला खासगी डॉक्टर, सगळ्यांपर्यंत हे पोहोचवले गेले. १३ जानेवारी २०११ चा हावड्याचा रुग्ण देशातला शेवटचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. अचानक लुळ्या पडलेल्या पायाची खबर घेणारी यंत्रणा आपण उभी केली. हळूहळू लुळ्या पडणाऱ्या पायाची खबर मात्र कुणाच्याच वहीत जात नाही. दोन्ही मुले त्याच अंगणवाडीत, त्याच सतरंजीवर बसतात.

यासाठी नवे खाते नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी याच राज्यातून, पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. त्या तपासणीत आईला दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? मूल रात्री पाठीच्या किंवा मानेच्या दुखण्याने उठते का? पूर्वीसारखे चालते, पळते, लघवी सांगते का? उत्तर संशयास्पद आले तर मुलाला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावायचे, पाठ उघडी करून पाहायची, आणि शंका उरली तर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी भूल देऊन एमआरआय. महिन्यातून एक दिवस प्रत्येक विभागीय वैद्यकीय महाविद्यालयाने मुलांच्या अशा एमआरआयसाठी राखून ठेवावा. शंभर एमआरआयमध्ये एखादीच गाठ सापडेल, असा आक्षेप येईल. पण त्याच तपासणीत मणक्याचा क्षय सापडेल, जन्मापासून अडकलेला मज्जारज्जू सापडेल, पोटातून मणक्यांच्या फटीत शिरलेली न्यूरोब्लास्टोमाची गाठ सापडेल, आणि ही सगळी दुखणीही वेळेत सापडली तर मूल पायांवर राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जो उपक्रम हाती घेतला त्यात २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत असे लक्ष्य आहे, आणि प्राधान्याच्या सहा आजारांत मेंदू व मज्जारज्जूच्या संथ गाठींचा समावेश आहे. श्रीमंत देशांत बालकर्करोगाची ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. मात्र आमच्या या मुलांच्या बाबतीत ‘वाचले’ एवढ्यावर हिशेब मिटत नाही.

शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या मुलाला महिनोन्महिने व्यायामोपचार लागतात. हाजीअलीजवळच्या पुनर्वसन संस्थेसारखी सोय मुंबईत आहे. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला ती कुठे मिळणार, याचे उत्तर आज सुटी होतानाच्या कागदावर नसते. कणा वाकतो आहे का हे वाढ थांबेपर्यंत दर काही महिन्यांनी पाहावे लागते. गाठ परतली का, यासाठी वर्षानुवर्षे एमआरआय. आणि ज्यांचा लघवीवरचा ताबा गेला, त्यांना दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करावे लागते. १९७२ मध्ये मिशिगनचे डॉक्टर जॅक लॅपिडीस यांनी रूढ केलेली ही साधी रीत मूत्रपिंडे वाचवते. आठ-दहा वर्षांची मुलगी ती स्वतः शिकते. पण त्यासाठी शाळेत पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह हवे, आणि तास चालू असताना तिला उठून जाऊ देणाऱ्या बाई हव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तो तळमजल्यावर आणणे हे मुख्याध्यापकांच्या अखत्यारीतले काम आहे, त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. शाळेचे नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते. वर्गांची वाटणी एप्रिलमध्येच ठरते.